माजघरात पोकळ आवाज येतो, खाली गुप्तधन असेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातला २४ वर्षांचा मुलगा, गावात त्यांचा जुना माळवदाचा, म्हणजे सपाट मातीच्या छताचा वाडा, निम्मा पडलेला. माजघरात एका जागी पहार आपटली की खालून ढबढब आवाज येतो. आजी सांगायची की वाड्याखाली मोहरांचे सात रांजण आहेत आणि त्यावर नाग बसलाय. आता चुलत्यांनी एक महाराज गाठलेत, ते पूजेचे ५१ हजार मागतायत, अमावस्येच्या रात्री खोदायचं म्हणतात, वर मशीनवाला येणार त्याचे ४० हजार वेगळे, आणि एवढा पैसा उभा करायला चुलते एक एकर गहाण टाकायला निघालेत. मुलगा विचारतोय, खरंच खाली काही असू शकतं का, आणि निघालंच तर ते आमचं की सरकारजमा?

मी उत्खननाच्या कामावर आणि नंतर वस्तुसंग्रहालयात मिळून २६ वर्षं काढली, सगळी मराठवाड्यातच. निवृत्त झाल्यापासूनही लोक नाणी, मणी, खापरं घेऊन येतात, आणि महिन्यातून एखादा तरी असाच प्रश्न घेऊन येतो. तू माझ्या धाकट्याच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

पहिल्यांदा एक गोष्ट वेगळी काढू. तू विचारतोयस सोन्याबद्दल, पण तुझ्यापुढे खरे प्रश्न तीन आहेत. खाली पोकळी कसली आहे, आजीच्या गोष्टीत खरं किती आहे, आणि अमावस्येच्या आत चुलत्यांना कसं थांबवायचं. यातला तिसरा सगळ्यात तातडीचा, कारण जमीन एकदा गहाण पडली की मग खाली सोनं निघो नाहीतर माती निघो, सावकाराचं व्याज काही थांबत नाही.

वाडा मी पाहिलेला नाही, त्यामुळं पोकळी अमुकचीच आहे असं छातीठोक सांगणार नाही. वाडा कुठल्या काळातला, माजघर मुरमावर आहे की पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीवर, आवाज किती जागेत येतो, एका हाताच्या अंतरात की पाच-सहा हातांत, भिंतीला लागून की मधोमध, यावर बरंच अवलंबून आहे. पण आजवर जुन्या घरांत अशा पोकळ आवाजाच्या जितक्या जागा मी उघडताना पाहिल्या त्यात बहुतेक ठिकाणी एकच निघालं, ते म्हणजे पेव.

तुझ्या पिढीनं पेव पाहिलेलं नसणार. आपण "अमक्या गोष्टीचं पेव फुटलंय" म्हणतो ना, ते हेच. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंड एवढंसं, एक माणूस जेमतेम उतरेल इतकं, आणि आत पोट सुटलेलं, रांजणासारखंच. दहा-पंधरा फूट खोल असायचं. आतून भिंतीला आणि तळाला कडबा, भुसकट लावायचे, मग ज्वारी भरायची, तोंडावर दगडी फरशी आणि वरून माती लिंपून जमीन सारवून टाकायची. परक्या माणसाला पत्ता लागू नये हाच हेतू, कारण दुष्काळात किंवा लुटीच्या धामधुमीत जीव वाचवायचा तो ज्वारीनं, मोहरांनी नाही. पेव काळ्या मातीत टिकत नाही, पाणी धरतं, म्हणून मुरमात किंवा घट्ट पांढरीत खणायचे आणि बऱ्याचदा वाड्याच्या आतच, माजघरात नाहीतर ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या बैठकीच्या ओसरीत. पुढं गोदामं आली, पोती आली, पेवं बंद पडली, वर फरशी तशीच राहिली आणि खाली काय आहे हे सांगणारी माणसं गेली. आता तूच बघ, जमिनीखाली रांजणाच्या आकाराची, मुद्दाम लपवलेली, धनधान्यानं भरलेली जागा होती हे घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. त्यातलं "धान्य" दोन पिढ्यांत गळालं आणि "धन" उरलं, असं मी किमान चार-पाच घरांत पाहिलंय.

पेव नसेल तर भिंतीतलं बळद, म्हणजे भिंतीतच बांधलेलं धान्याचं कोठार असेल, बुजवलेला आड असेल, किंवा उंदीर-घुशींनी पोखरून वरची जमीन अधांतरी राहिली असेल. शेवटचं कारण ऐकायला साधं वाटतं पण पडक्या वाड्यात ते लई कॉमन आहे.

आता पेवाबद्दल जीवाची गोष्ट, ही नीट वाच. बंद पेवात ओल शिरलेलं धान्य, कडबा कुजतो, त्यानं आतला ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळं तोंड उघडलं तरी लगेच बाहेर येत नाही, तळाशी बसून राहतो. उतरणारा माणूस दोन-चार श्वासांत बेशुद्ध पडतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. एका गावात मी पोचले तेव्हा दोघं भाऊ पेवातून वर काढून पारावर ठेवले होते. आधी थोरला उतरला, हाक दिली तर ओ देईना, म्हणून धाकटा त्याला काढायला उतरला. धाकटा वाचला, थोरला नाही. आणि त्या गावात आजही सांगतात की धनाच्या राखणदारानं बळी घेतला. लेकरा, गुप्तधनाला हात लावला की माणूस जागच्या जागी मरतो, ह्या समजुतीमागं अशी कितीतरी पेवं आणि आड आहेत असं माझं ठाम मत आहे. जुनी माणसं पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायची, मग कंदील दोरीला बांधून खाली सोडायची, विझला तर उतरायचं नाही. हे चांगलं होतं पण पुरेसं नाही, कंदील जळत राहिला तरी हवा खराब असू शकते. अमावस्येच्या रात्री, मंत्र म्हणत, घाईघाईत, खाली कोण उतरणार आहे हे चुलत्यांना विचार. उत्तर बहुतेक "महाराज" नसणार, तूच असशील.

आजीच्या गोष्टीकडं येते. मी दंतकथा फालतू मानत नाही, उलट माझ्या कामात गावच्या म्हाताऱ्या बायकांनी सांगितलेल्या गोष्टींचा मला जितका उपयोग झाला तितका नकाशांचा झाला नाही. पण ऐकताना दोन प्रकार ओळखावे लागतात. एक असते कहाणी. तिच्यात आकडा ठरलेला, सात रांजण, सात हंडे. धन कुणाचं तर कुठल्यातरी राजाचं नाहीतर सावकाराचं, नाव नाही. राखणीला नाग. काढायला पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला माणूस लागतो. हीच्या हीच गोष्ट मी कंधारला ऐकली, धारूरला ऐकली, औशाला ऐकली, फक्त वाड्याचं नाव बदलतं. दुसरी असते आठवण. तिच्यात ऐवज थोडका असतो, माणूस ओळखीचा असतो, जागा नेमकी असते आणि परत न काढण्याचं कारण असतं. "माझ्या सासूबाईंनी चुलीच्या उजव्या अंगाला गाडग्यात पुतळ्या (सोन्याची बारकी नाणी) पुरल्या, आणि त्या तापानं गेल्या", ही आठवण. ही ऐकली की मी वही काढते.

सात रांजणांचा हिशोब एकदा करूनच बघ. रांजण चाळीस लिटरचा धरू, लहानच आहे. त्यात मोहरा भरल्या, मधे फटी राहतात त्या वजा केल्या, तरी एका रांजणाचं वजन साधारण साडेचारशे किलोच्या वर जातं. सातांचं सव्वातीन टन. मातीचा रांजण एवढं वजन घेऊन उचलला तर जागीच फुटेल. आणि एवढं सोनं ज्याच्याकडं होतं तो तुमच्या गावातल्या माळवदात राहत होता का? राजाचं धन म्हणशील, तर देवगिरीवर १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवराय यादवाची पिढ्यान्‌पिढ्यांची दौलत त्यानं नेली. यादवांची सोन्याची नाणी म्हणजे पद्मटंक, वाटीसारखी, मधे कमळाचा ठसा, एक नाणं पावणेचार ग्रॅमच्या आसपास. अशा नाण्यांनी सात रांजण भरायला साडेआठ लाखांच्या वर नाणी लागतील.

मग लोक पुरायचे की नाही? पुरायचेच. बँक नव्हती, दरोडेखोर होते, दुष्काळ होते. आणि आपल्याकडं सगळ्यात जवळचा काळ म्हणजे १९४८. निजामाच्या राज्यात रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांची धामधूम चालू होती, तेव्हा कितीतरी घरं रातोरात गाव सोडून सरहद्दीपलीकडं गेली, अंगावरचं सोनं लुटलं जाईल म्हणून बायकांनी ते घरातच कुठं कुठं दडपलं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची कारवाई झाली, १७ तारखेला निजाम शरण आला, मग लोक परतले, काहींना आपलं सापडलं, काहींचं घरच जळालं होतं, काही परतलेच नाहीत. त्या ॲक्शनच्या वेळी आणि नंतर अनेक मुसलमान घरांवरही हीच पाळी आली. जमिनीतली गाडगी दोन्हीकडची आहेत.

असं एक गाडगं मी स्वतः उघडलंय म्हणून सांगते. बालाघाटाच्या पायथ्याचं एक गाव, जुनं घर पाडताना चुलीच्या मागच्या भिंतीतून गवंड्याच्या हाताला लागलं. घरच्यांनी शहाणपणा केला, हात न लावता तलाठ्याला कळवलं, पंचनामा झाला आणि पाहणीला मला बोलावलं. त्या घराबद्दल गावात बोललं जायचं ते "हंडाभर मोहरा". प्रत्यक्षात गाडगं होतं ओंजळीत मावेल एवढं. तोंडाला शेण-चुन्याचा लेप, तो वाळून दगड झालेला. आत लुगड्याची चिंधी, तांब्याच्या जंगानं हिरवी पडून कडक झालेली, उलगडायला मला अर्धा तास लागला, पाण्याचा थेंब थेंब देत. त्यात चारमिनार छापाचे चांदीचे ४३ रुपये, थोडी तांब्याची नाणी, सोन्याची एक बारकी नथ, मोती गळालेले, आणि लहान लेकराच्या पायातले चांदीचे दोन वाळे. घरात ऐंशीच्या पुढची एक म्हातारी होती, त्या घरची लेक. तिनं रुपयांकडं बघितलंच नाही. वाळे हातात घेतले, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हे माह्या भावाचे." तो भाऊ त्याच पळापळीत वाटेत गेला होता, दोन वर्षांचा. मी माझ्या नोकरीत याहून मोठं धन पाहिलेलं नाही, आणि "हंडाभर मोहरा" ही गोष्ट ज्यांनी वाढवत नेली त्यांनी त्या लेकराला मात्र गोष्टीतून पुसून टाकलं होतं.

म्हणून आजीची गोष्ट पुन्हा विचार, आजी नसेल तर तिची धाकटी बहीण, नणंद, गावात तिच्या वयाची जी कोण असेल तिला विचार. "रांजण कुठं आहेत" असं विचारू नकोस. "आजी घरात धान्य कुठं ठेवायची, रझाकाराच्या वेळी तुम्ही कुठं गेला होता, घरातलं काय काय गेलं," असं विचार आणि मोबाईलवर रेकॉर्ड कर. पुरुषांना हे फार माहीत नसतं, दागिना कुठं ठेवला हे सासू सुनेलाच सांगायची.

आता आपल्या मातीत खरं काय निघतं तेही सांगते, कारण मशीनवाल्याच्या बोलण्यातून वाटतं की मराठवाड्यात फावडं मारलं की सोनंच. पैठण, तेर, भोकरदन ही सातवाहनांच्या काळातली भरभराटीची गावं, तेरचा माल भडोचला जाऊन तिथून जहाजानं रोमन जगात पोचायचा. पण सातवाहनांची नाणी बहुतेक शिशाची, पोटीनची (तांब्याच्या एका मिश्रधातूची), तांब्याची, थोडी चांदीची. सोन्याची नाहीत. शिशाचं नाणं मातीतून निघालं की मळकट राखाडी चकती दिसते, माहीत नसलेला माणूस फेकून देतो. दौलताबादच्या पट्ट्यात लोक पिवळी नाणी घेऊन यायचे, सोनं म्हणून. ती निघायची मुहम्मद तुघलकाची पितळी, त्यानं १३३० च्या सुमाराला चांदीच्या टंकाऐवजी चालवलेली. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी काय केलं, पावसानंतर पांढरीवर उघडे पडणारे मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंताच्या वस्तू आयुष्यभर वेचल्या, कुठं खड्डा न खणता, आणि आज त्यांच्या नावाचं संग्रहालय तिथं उभं आहे. तुझ्या गावापासून एसटीनं एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, चुलत्यांना घेऊन जा.

मराठवाड्याशेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना एका गावकऱ्याला काशाच्या चार वस्तू सापडल्या, बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस, सगळ्या मिळून ६० किलोच्या वर. काही हजार वर्षांपूर्वीच्या. मोडीत घातल्या असत्या तर भांड्यांच्या भावानं गेल्या असत्या, पण राहिल्या म्हणून दख्खनचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. शोधायला गेलेल्यानं नाही, काम करणाऱ्यानं सापडवल्या, हे लक्षात घे.

आणि शोधायला जाणारे काय करतात ते सांगताना मला अजून वाईट वाटतं. गावच्या मारुतीपुढं, वेशीत, वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड उभे असतात. खाली लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो महादेवाची पूजा करतोय आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य नाहीतर कलश. चंद्र-सूर्य म्हणजे "आचंद्रार्क", ते आकाशात असेतो याची कीर्ती राहो. हे वाचता न येणारा कुणीतरी सांगतो की कलश म्हणजे धनाचा हंडा आणि चंद्र-सूर्य म्हणजे दिशा, की रात्रीत दगड उपटला जातो. गद्धेगाळ (गाढवाची शिवी कोरलेले शापाचे दगड), सतीचे दगड, यांचीही तीच गत. एकदा एका पडक्या हेमाडपंती देवळाची नोंद करायला गेले, नंदीचं पोट फोडलेलं, पिंड उपसून बाजूला टाकलेली, खाली पुरुषभर खड्डा, खड्ड्यात लिंबं, हळद, कापलेला कोंबडा. आदल्या वर्षी मी त्याच नंदीच्या गळ्यातल्या घंटांची माळ वहीत चितारून घेतली होती. कुणी गावच्या शेतात नांगराला वीरगळ लागला म्हणून सांगितलं की मी आधी हेच सांगते, बाबा, तिथंच उभा कर, हलवू नकोस, दगड जागेवर असतो तोवर बोलतो.

मशीनचं सांगते, मी वापरलेली आहेत. साधा मेटल डिटेक्टर नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर फूटभर खोलीवर ओळखतो, हंड्याएवढी असेल तर मीटरभर. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळं मशीन रिकाम्या मुरमावरसुद्धा ओरडतं, आणि पडक्या वाड्यात तर खिळे, कड्या, नालाचे तुकडे, पत्रे इतके पडलेले असतात की ओरडणं थांबतच नाही. त्या ओरडण्यावर पाच-पन्नास लोकांची मान डोलते. दुसरा प्रकार जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारचा. ते खरं यंत्र आहे, अभ्यासात वापरतात, पण काळ्या चिकण मातीत, त्यात ओल असेल तर, त्याच्या लहरी थोड्या अंतरातच मरतात. स्क्रीनवर ३० फुटांवर पिवळा हंडा दाखवणारा माणूस तुला चित्र दाखवतोय. सोनं आहे की तांबं हे चित्रात रंगून दाखवणारं मशीन मी पाहिलेलं नाही, आणि हातात एल आकाराच्या दोन काड्या धरून फिरणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेड्याला एका साधूला स्वप्न पडलं, एक हजार टन सोनं आहे म्हणून. सगळ्या देशाचे कॅमेरे तिथं गेले, पुरातत्त्ववाल्यांनी शास्त्रशुद्ध खोदलं. खापरं, खिळे, विटांची भिंत निघाली. सोन्याचा कण नाही. तुमच्या महाराजांना स्वप्न पडलंय की अंगात येतंय हे तू लिहिलं नाहीस, पण ह्या लोकांची रीत मला पाठ झालीये. आधी बारकी पूजा, मग जमिनीतून एखादं नाणं "वर येतं", ते त्यांच्याच झोळीतलं असतं. मग राखणदार मोठा आहे म्हणून रक्कम वाढते. मग मांडूळ साप पाहिजे, वीस नखांचं कासव पाहिजे, पायाळू पोर पाहिजे. मांडूळ आणि कासव वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, नुसतं घरात ठेवलं तरी गुन्हा. आणि शेवटी कुठंतरी बळी हा शब्द निघतो, आधी कोंबड्याचा.

तिथून पुढं काय होऊ शकतं ते परभणी जिल्ह्यातल्या माणसाला मी सांगायला नको. मानवतला १९७२ ते ७४ मध्ये जे झालं, गुप्तधनाच्या नादातून एकामागून एक खून, बहुतेक बायका आणि लहान मुली, ते तुझ्या आजीच्या पिढीनं जवळून ऐकलंय. मी तेव्हा शाळेत होते, संध्याकाळ झाली की आई आम्हाला अंगणातसुद्धा जाऊ द्यायची नाही. म्हणून "नुसती पूजाच आहे, काय बिघडतं" असं कुणी म्हणलं की माझा जीव वरखाली होतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत गुप्तधन शोधायच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं आणि त्यासाठी चिथावणं हे स्पष्ट लिहिलंय. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, ५ ते ५० हजार दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. हे चुलत्यांना शांतपणे सांग. चारचौघांत नको, एकट्याला गाठून. माणूस कर्जात बुडालेला असला की अशा गोष्टीच्या मागं लागतो, त्यांच्यावर किती कर्ज आहे ते आधी विचार, बहुतेक वेळा खरी गाठ तिथंच असते.

निघालं तर कुणाचं, याचं उत्तर. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे. जमिनीत दडवलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, काय आहे, कुठं आणि कधी सापडलं, अंदाजे किंमत किती, आणि ऐवज ट्रेझरीत जमा करायचा किंवा हमी द्यायची. ते नोटीस काढतात, हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांतली एक तारीख देतात. मालक कुणी नाही असं ठरलं तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक हिस्सा, म्हणजे रुपयातले बारा आणे आणि चार आणे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलं असं दिसलं आणि तो किंवा त्याचे वारस पुढं आले, तर मामला दिवाणी कोर्टात जातो, म्हणजे पणजीचा दागिना असेल तर तुम्ही वारस म्हणून उभे राहू शकता. पण लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू पुरावशेष धरतात, त्या देशाबाहेर विकणं गुन्हा. आणि वाडा जर संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत असेल तर खोदकामाचा विचारच सोडून दे.

करायचं काय ते सांगते. उद्या दिवसाउजेडी माजघरात जा, आवाज जिथं येतो तिथं खडूनं कडा आख, पहारीनं नाही, काठीच्या बुडानं हळू ठोकून. आकार गोल आला आणि मधे दोन-अडीच हातांचं तोंड वाटलं तर पेव धरून चाल. त्या जागेवर कुणाला उभं राहू देऊ नकोस, पडक्या वाड्यात लेकरं खेळत असतील तर काट्या टाकून बंद कर. फोटो काढ, मोजून कागदावर उतरव. सगळ्या भाऊबंदांची नावं सातबारा नाहीतर नमुना आठवर आहेत का बघ, कारण उद्या खापर निघालं तरी भांडण सोन्याचंच होणार आहे. मग ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्या कानावर घाल आणि जवळच्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला साधं पत्र लिही. यायला वेळ लावतात, मलाही ठाऊक आहे, तू पाठपुरावा कर. महाराज ऐकतच नसतील आणि तारीख जवळ आली तर सरळ पोलीस ठाण्यात जा, त्यात घरचं नाव खराब होतं असं वाटून घेऊ नकोस.

फरशी उघडायची वेळ आली तर जाणत्या गवंड्याच्या हातानं, दिवसा, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. उघडल्यावर दोन दिवस कुणी आत वाकूनसुद्धा बघायचं नाही. पुढं उतरायचंच असेल तर अग्निशमन दलाची माणसं आणि त्यांचं हवा मोजायचं यंत्र आल्याशिवाय नाही. वरूनच टॉर्च मारून बघ. तळाशी काळी पडलेली ज्वारी दिसली तर टोपल्यानं उपसून उकिरड्यावर टाकू नका. हवा तपासून झाल्यावर कुणी खाली गेलंच तर त्याला ओंजळभर दाणे वर आणायला सांग, वर्तमानपत्राच्या कागदात सुटे बांधून ठेव, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते. कडब्याचा तुकडा असेल तर तोही. कुठल्या वाणाची ज्वारी, कधीची, हे त्यावरून सांगणारी माणसं आहेत. दगडी, टाळकी, असे जुने वाण आता पेरायलासुद्धा मिळत नाहीत. मला फोटो पाठव, दाण्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढ म्हणजे माप कळेल.